सर्जेराव जगदाळ्यांची पकड

सर्जेराव जगदाळे मोठा मायाळू माणूस होता, असं तुम्हाला कुणी सांगितलं तर खुशाल समजा की सांगणाऱ्याचा घोटा कधी सर्जेरावांच्या हातात सापडलेला नव्हता. जयपूरच्या मराठी मंडळात त्यांचा फोटो लागला तेव्हा हार मीच घातला होता. भाषणही मीच केलं. शिस्त, निष्ठा, खेळाची सेवा असे सगळे शब्द वापरले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, नंतर बटाटेवडे झाले. त्या भाषणात खोटं काही नव्हतं, पण निम्मं नव्हतं. ते निम्मं इथे लिहितो.

मी उमाकांत. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत बदली होऊन जयपूरला आले आणि मी इथलाच होऊन गेलो. झोटवाड्याच्या रस्त्यावर तेव्हा ढुंढार पाइप वर्क्स नावाचा कारखाना होता. पलीकडे मुरलीपुऱ्यापर्यंत नुसती शेतं आणि वाळू. कारखान्यात मी टाइम ऑफिसचा कारकून. कबड्डीशी माझा संबंध इतकाच की नियमांची इंग्रजी पुस्तिका वाचू शकणारा आणि चारचौघांत शिट्टी वाजवायला न लाजणारा मी एकटाच होतो, म्हणून पंचगिरी माझ्या गळ्यात पडली.

आमचे मालक सेठ घीसालालजी. त्यांच्या चुलतभावाची गिरणी होती, गिरणीची कबड्डीची टीम होती आणि ती टीम दर वर्षी चौगान मैदानावरच्या सामन्यांत ढाल जिंकायची. भावकीचं दुखणं काय असतं ते मराठी माणसाला समजावून सांगायला नको. सेठजींना ती ढाल पाहिजे होती. आपल्या कारखान्याचे पाइप गळतात अशी तक्रार आली तर ते शांत राहायचे, पण भावाच्या बैठकीत ढाल पाहून आले की दोन दिवस कुणाशी धड बोलायचे नाहीत.

एकोणीसशे त्रेपन्न साली सेठजी छावणीत सामना बघायला गेले आणि तिथे त्यांना सर्जेराव दिसले. कऱ्हाडजवळच्या एका खेड्यातला हा गडी पलटणीबरोबर जयपूरला आलेला. बुटका, रुंद, मान जवळजवळ नाहीच. पलटणीच्या संघात डावा कोपरा सांभाळायचा. चढाईला आलेला माणूस त्याच्याकडे बघायचासुद्धा नाही, इतका तो गरीब दिसायचा. मग एकदम खाली जायचा आणि घोटा धरायचा. सैन्यातली मुदत संपल्याबरोबर सेठजींनी त्यांना उचललं. कागदावर हुद्दा फिटरचा. त्यांच्या हातात पाना मी कधी पाहिला नाही, पण हजेरी मात्र रोज इमानानं लावायचे.

घोटा सगळेच कोपऱ्यातले गडी धरतात. सर्जेरावांचं निराळं होतं ते धरल्यानंतरचं. दोन्ही हातांनी घोटा छातीशी घ्यायचा आणि जमिनीवर पडल्या पडल्या कूस बदलायची, झोपेत बदलतो तशी. घोट्याबरोबर समोरच्याचा गुडघा फिरायचा. गुडघा त्या बाजूला फिरायला केलेलाच नसतो. शहाणा चढाईवाला त्यांचा हात लागल्याबरोबर दम सोडून द्यायचा, बाद व्हायचा आणि पायावर चालत बाहेर जायचा. ज्यांनी रेषा गाठायच्या हट्टापायी दम चालू ठेवला त्यांतले तिघे तरी माझ्या देखत खाटेवरून गेले. हा फाउल आहे की नाही, याबद्दल पुस्तिकेत काहीच लिहिलेलं नव्हतं. मी शिट्टी वाजवायचो ती दम संपल्यावरच.

अजमेरच्या एका पोरसवदा गड्याचा पाय असाच गेला. दुसऱ्या दिवशी सर्जेराव संत्री घेऊन त्याला बघायला इस्पितळात गेले, मला बरोबर घेऊन. मला वाटलं, चला, माणसाला काही वाटतं तरी आहे. तिथे जाऊन त्यांनी संत्री सोलून त्याला दिली, आईबापांची चौकशी केली आणि मग अगदी आपुलकीनं विचारलं की कळ आधी कुठे आली, गुडघ्याच्या आत की बाहेर. पोरानं बिचाऱ्यानं नीट आठवून सांगितलं. सर्जेरावांनी मान डोलावली. परतताना सायकलरिक्षात ते स्वतःच्याच गुडघ्यावर बोट ठेवून ती जागा चाचपत होते. त्या दिवसापासून मी त्यांना भ्यायला लागलो आणि खरं सांगायचं तर त्यांचा खेळ बघायचा एक दिवस चुकवला नाही.

वर्षभरात त्यांनी गावाहून आपल्या मेव्हण्याला, बापूला, बोलावून घेतलं. सर्जेरावांच्या बायकोचा, अनुसयाबाईंचा, हा धाकटा भाऊ. आईबाप लवकर गेले होते, बहिणीनंच त्याला वाढवलेला. उंच, हसरा, डोक्यानं जरा साधा. त्याला दाजींच्या शेजारी उभं केलं, हातात हात देऊन. कबड्डीत बचावाचे गडी असे हात धरून साखळीनं उभे राहतात, आणि कोपऱ्यातला घोट्यावर पडला की शेजारच्यानं वरून कंबर धरायची असते. सहा वर्षं हे दोघं एकमेकांचा हात धरून उभे राहिले. बोलायची गरजच पडत नसे. पंचावन्नला ढाल आली, पुढे मधली दोन वर्षं सोडली तर सेठजींच्या बैठकीतून ती हलली नाही.

आता सेठजींचा धर्म सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. टीमच्या प्रत्येक गड्याला नोकरी होती आणि कारखान्यामागच्या लाइनीत एक खोली. खेळ उतरला की नोकरी गेली, खोली गेली. पण जो मैदानात मोडला, तो सेठजींचा. त्याला कारखान्याच्या फाटकावर स्टूल मिळायचं, जन्मभर. गाडी आली की फाटक उघडायचं, गेली की लावायचं. पगार चालू, खोली चालू. अशी दोन स्टुलं त्या वेळी फाटकावर होतीच. सेठजी येता-जाता त्यांना रामराम करायचे आणि पाहुण्यांना दाखवायचे की बघा, आम्ही आपल्या माणसाला टाकत नाही. ज्यांना धडधाकट असताना टाकलं ते पाहुण्यांना दिसायला फाटकावर कशाला असतील?

साठ साली सर्जेरावांचा वेग कमी झाला. दुसरा कुणी असता तर गावी गेला असता. सर्जेरावांनी सेठजींना जाऊन सांगितलं की टीमचा मॅनेजर म्हातारा झालाय, गडी त्याला फसवतात, आजारपणाची सोंगं करतात. मला बसवा, मला कुणी फसवणार नाही. सेठजींनी बसवलं. टेबल, खुर्ची, पंखा, दारावर पाटी. अनुसयाबाईंना दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. लाइनीतले लोक त्यांना मॅनेजरनी म्हणू लागले, ते त्यांना आवडत नसे.

मॅनेजर म्हणून हा माणूस खेळाडूपेक्षा भारी निघाला. सेठजींच्या भावाच्या गिरणीत एक चढाईवाला होता, त्याला फोडायचं ठरलं. सर्जेरावांनी त्याला कानोत्याकडच्या सेठजींच्या बागेत दाल-बाटी खायला नेलं आणि संघांची नावनोंदणी बंद होईपर्यंत तिथून हलूच दिलं नाही. जीप बिघडली म्हणे. पोरगा इकडचाही राहिला नाही, तिकडचाही राहिला नाही, आणि पुढच्या वर्षी मुकाट आमच्याकडे आला. एका गड्याचा बाप वारला तेव्हा त्याला सुटी दिली, रेल्वेचं भाडं दिलं, आणि तो परत येईपर्यंत त्याची खोली दुसऱ्याला दिली होती. याचं कारण विचारलं तर म्हणायचे, दुःखात माणूस खाली बघतो, समोर बघत नाही.

माणसाला काढायची त्यांची एक पद्धत होती. त्याला घरी जेवायला बोलवायचे. पुरणपोळी, कटाची आमटी, वर तूप. राजस्थानी गड्यांना ती आमटी फार आवडायची. जेवण झालं, सुपारी झाली, की सांगायचे, उद्यापासून येऊ नको. पहिल्या वर्षी कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या वर्षापासून मॅनेजरसाहेबांकडून जेवणाचं बोलावणं आलं की गडी आधी बायकोला बोचकं बांधायला सांगायचा आणि मग जेवायला जायचा. अनुसयाबाईंना हे सर्वांत शेवटी कळलं. एका गड्याच्या बायकोनं पाणवठ्यावर त्यांच्या हातावरच्या कणकेच्या डागाकडे बघून विचारलं, की आज कोणाचा नंबर. त्यानंतर पुरण शिजत असलं की त्या कुणाशी बोलायच्या नाहीत. पण शिजवायच्या.

कुणाला बोलवायचं हे ठरवायला सर्जेरावांनी कसोटी काढली. ही त्यांची स्वतःची अक्कल, आणि सेठजी या कसोटीवर बेहद्द खूश. हंगामाच्या आधी, दिवाळी आटोपली की, तिशी ओलांडलेल्या प्रत्येक गड्यानं तीन चढाया करायच्या. समोर सात जण, त्यांत डाव्या कोपऱ्यात स्वतः सर्जेराव. तिनातली एक चढाई जरी समोरच्या एकाला शिवून रेषेपर्यंत परत आणली तरी वर्षभर नोकरी पक्की. नाही आणली तर जेवण. बचावाच्या गड्यांनाही चढाई करावीच लागे. कुणी कुरकुर केली तर सर्जेराव म्हणायचे, मी एका कोपऱ्यात उभा आहे, मैदान केवढं मोठं आहे, मला चुकवून जा की. चाळिशीला आलेला, पोट सुटलेला हा माणूस कसोटीच्या दिवशी मात्र असा खाली जायचा की बघणाऱ्याच्या अंगावर काटा यावा.

चौसष्ट साली बापूचा नंबर लागला.

वय निघून चाललं होतं आणि उजव्या गुडघ्यात पाणी व्हायचं. जन्मात त्यानं चढाई केली नव्हती. दाजींच्या शेजारी उभं राहून वरून कंबर धरायची एवढंच त्याला येत होतं, आणि आता दाजी शेजारी नव्हते, समोर असणार होते. गावी त्याच्या नावावर जमीन नाही, घर चुलत्यांनी खाल्लेलं. बायको मालन, तीन मुलं, थोरली मुलगी जयपूरच्या शाळेत शिकणारी. ती मराठी बोलताना दर वाक्याला मतलब, मतलब करायची, आणि बापूला त्याचंही कौतुक. नोकरी आणि ती खोली गेली तर या पाच जणांना जायला दुसरी जागा नव्हती.

दिवाळीच्या फराळाला मी आणि माझी बायको विभा सर्जेरावांकडे गेलो होतो. चकल्या झाल्या, चहा झाला. अनुसयाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या कधी आमच्यासमोर नवऱ्याशी बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या. आवाज अगदी साधा होता.

"माज्या भावासाठी पुरण शिजवायला लावू नगा. कसोटीला एक बार तरी त्याला रेषा गाठू द्या. दुसरं कायबी मागत न्हाई मी."

सर्जेराव चहा पीत राहिले. मग माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले की बायकांना खेळातलं काय कळतंय. मला त्या हसण्याचा राग आला. विभा उठून आत गेली आणि मी चकलीचा तुकडा मोडत बसलो, कारण त्या घरात त्यांच्या तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती, माझीही नव्हती.

कसोटी कारखान्यामागच्या मैदानावर असायची. वाळूवर शेणखत आणि माती टाकून सर्जेरावांनीच ते मैदान करून घेतलं होतं, पडलं तरी कातडी सोलू नये म्हणून. कातडीची त्यांना फार काळजी. त्या दिवशी लाइनीतले सगळे जमले होते. मालन आली नव्हती. अनुसयाबाई आल्या होत्या, डोक्यावरून पदर घेऊन, बायकांच्या मागे उभ्या.

बापूची पहिली चढाई बघवत नव्हती. दम चांगला होता, पाय हलत नव्हते. मधल्या एकाला शिवायला वाकला आणि तिघांनी मिळून दाबला. सर्जेरावांना हातही लावावा लागला नाही. दुसऱ्या वेळी जरा बरा गेला, एका पोराच्या खांद्याला बोटं लागली, परत वळला आणि डाव्या बाजूनं सर्जेराव आले. नुसता हात लागला घोट्याला. बापूनं दम सोडला. शहाणपणा केला असं सगळ्यांना वाटलं.

तेवढ्यात सेठजींची मोटार आली. खुर्ची मांडली गेली. सर्जेरावांनी सेठजी बसेपर्यंत खेळ थांबवला, मग मला खूण केली. बापू तिसऱ्या चढाईला निघाला तो सरळ डाव्या कोपऱ्याकडे. उजव्या बाजूला नवी पोरं होती, घाबरलेली, तिकडे जरा तरी आशा होती. हा सरळ दाजींच्या पुढ्यात गेला आणि उजवा पाय पुढे टाकला. पाणी झालेला पाय. मला वाटलं, भीतीनं याची अक्कल गेली.

सर्जेराव खाली गेले. घोटा छातीशी घेतला. बापूनं दम सोडला नाही. कबड्डी, कबड्डी, चाललंच होतं, तोंड सेठजींच्या खुर्चीकडे. सर्जेरावांनी कूस बदलली. जो आवाज झाला तो मी लिहिणार नाही, ज्यांनी ऐकला ते अजून विसरले नाहीत. त्यानंतरही बापूचा दम चालू होता, बारीक आवाजात, लहान मूल रडून रडून हुंदके देतं तसा. आणि सर्जेरावांनी पुन्हा एकदा कूस बदलली. मग दम संपला. मी शिट्टी वाजवली.

सर्जेराव उठले, गुडघ्यांची माती झटकली आणि खाट आणायला सांगितलं. आवाजात काही फरक नव्हता. सेठजी उभे राहिले होते. त्यांनी सर्वांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मैनेजर हो तो ऐसा. सगे साले को भी नहीं छोड़ा." मग जवळ येऊन बापूच्या डोक्यावर हात ठेवला आणि फाटकावर तिसरं स्टूल टाकायचा हुकूम दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, सेठजींसाठी. मी अनुसयाबाईंकडे पाहिलं. त्या पाठ फिरवून घराकडे चालल्या होत्या.

इस्पितळात बापूचा पाय जुळवला, पण तो पुन्हा वाकला नाही. काठीसारखा सरळ राहिला. नव्या वर्षाच्या सुरुवातीला तो फाटकावर बसला, पाय समोर लांब करून, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांशी हसून बोलू लागला. पगार चालू. खोली चालू. थोरली मुलगी शाळेत. सर्जेरावांना आता कंपनीची मोटार मिळाली होती, आणि रोज सकाळी बापू उठून, भिंतीला धरून, पाय ओढत फाटक उघडायचा आणि दाजींना सलाम करायचा. सर्जेराव मान हलवायचे. दोघांच्याही वागण्यात मला राग किंवा ओशाळेपणा दिसला नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटायचं.

अनुसयाबाईंनी नवऱ्याशी बोलणं टाकलं. ताट वाढायच्या, पाणी ठेवायच्या, कपडे धुवायच्या. तोंडातून शब्द नाही. कसोटीनंतर दोन गड्यांना जेवायला बोलावलं तर त्यांनी चूल पेटवली नाही. सर्जेरावांनी पहिल्यांदाच जेवण न घालता माणसं काढली, आणि त्याबद्दल विभाकडे तक्रार केली की घरात रीत राहिली नाही.

संक्रांतीला जयपूरचं आकाश पतंगांनी भरलेलं असतं. आम्ही मराठी माणसं पतंग बघत तिळगूळ वाटतो. त्या दिवशी दुपारी मी आणि विभा बापूच्या खोलीवर गेलो. बाहेर उन्हात खाट टाकून तो बसला होता, मुलं वर छपरावर. थोड्या वेळानं सर्जेराव आले, आणि त्यांच्या मागोमाग, त्यांच्याशी न बोलता, अनुसयाबाई. त्यांच्या हातात डबा होता. त्यांनी बापूला तिळगूळ दिला, मालनला दिला, आम्हाला दिला, मुलांना हाका मारून दिला. नवऱ्यासमोरून तशाच पुढे गेल्या आणि डब्याचं झाकण लावलं. सर्जेरावांनी पुढे केलेला हात मागे घेतला.

बापूला ते सोसलं नाही. तो साधा माणूस. म्हणाला, "आक्का, दाजींना बोल लावू नगंस. मीच सांगितलं हुतं त्यास्नी."

आणि मग त्यानं सगळं सांगितलं, हळूहळू, मधेच पतंग बघत. कसोटीच्या आधी तो दाजींच्या ऑफिसात गेला होता. त्यांच्या हातून आपण सुटणार नाही हे त्याला ठाऊक होतं, सहा वर्षं तो हात त्यानं धरला होता. काढून टाकलं तर मुलाबाळांना घेऊन जायला जागा नाही. पण मोडलेल्याला सेठजी टाकत नाहीत. तेव्हा दाजी, मोडा, असं तो म्हणाला होता. दाजींनी उठून ऑफिसचं दार लावलं. मग दोघांनी मिळून ठरवलं. उजवा पाय द्यायचा, तो तसाही गेलेलाच आहे. सेठजी आल्यावरच, तिसऱ्या चढाईला. आणि दम लगेच सोडायचा नाही, नाहीतर सोंग वाटेल. दुसऱ्यांदा कूस बदलायची हेही ठरलेलं होतं, कारण एकदा मोडलेलं इस्पितळात नीट बसतं. एवढं सांगून बापू बहिणीकडे बघून हसला. आता सगळं मिटलं, असं त्याला वाटलं होतं.

मला आधी सर्जेरावांची दया आली, हे कबूल करतो. दोन महिने घरात मुक्यानं जेवणारा हा माणूस एका शब्दानं सुटू शकला असता आणि तो शब्द त्यानं काढला नव्हता. विभाच्याही डोळ्यांत पाणी आलं. सर्जेराव खाली मान घालून उभे होते, कोपऱ्यात उभे राहायचे तसे, गरिबासारखे.

अनुसयाबाईंनी डबा खाली ठेवला. दोन महिन्यांनी त्या पहिल्यांदा नवऱ्याकडे वळल्या.

"त्यानं मोडा म्हणून सांगितलं, तुमी मोडलंत," त्या म्हणाल्या. "मी त्याला रेषा गाठू द्या म्हणून सांगितलं हुतं. तीन बारी तो तुमच्या म्होरं आला. एका बारीला हात जरा ढिला केला असता, तर तो आपल्या पायानं चालत गेला असता. नोकरीबी ऱ्हायली असती, खोलीबी ऱ्हायली असती. कुणाला कळलं असतं?"

 छपरावर मुलं ओरडत होती. त्यांचं म्हणणं इतकं सरळ होतं की ते आपल्याला आधी सुचलं नाही याची मला लाज वाटली. ह्या दोघांनी ऑफिसचं दार लावून सगळा विचार केला होता. कुठला पाय, कितवी चढाई, सेठजी कधी येतात, गुडघा पुन्हा बसू नये म्हणून काय करायचं. इतक्या बारकाईनं माणसं लेकीच्या लग्नाचाही विचार करत नाहीत.

सर्जेरावांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पश्चात्तापही नव्हता. बायको काय म्हणते आहे ते त्यांना खरोखर कळत नव्हतं आणि ते समजून घ्यायचा प्रयत्न करत होते.

"धरलेला घोटा सोडायचा?" त्यांनी विचारलं.

अनुसयाबाईंनी भावाकडे पाहिलं. तो तरी काही बोलेल म्हणून. खाटेवर पाय लांब करून बसलेल्या बापूनं तिच्याकडे बघून मान हलवली, असं कुठं असतंय का आक्का, अशी. तेव्हा त्या खाली मातीत बसल्या आणि रडू लागल्या, आणि ते दोघं, एक खाटेवरून आणि एक उभ्यानं, तिला काय झालं ते न कळून तिच्याकडे बघत राहिले.